सुनीलशेठ घाटावर हजर होते

१

भिमाजीबाबा गोठ्यात पडलेले सापडले तेव्हा आळीत म्हाताऱ्याकोताऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. पिंपळवंडीच्या बाजूची यात्रा, चैत्रातलं ऊन, आणि सगळं शिवार बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, गेलेलं. बाबांच्या डोक्यात कुणीतरी पहार घातली होती. पहार तिथंच गव्हाणीला टेकवून ठेवली होती, काम झाल्यावर जागच्या जागी ठेवावी तशी.

त्यांचा पुतण्या अमृत चारच्या सुमाराला घरी आला. बाबांना बघून त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग तसाच, रक्तानं भरलेला, बोंबलत रस्त्यावर आला. शेजारच्या अंजनाबाईंनी त्याला तसा पाहिला. त्यात सकाळी त्याच गोठ्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. अमृतला बैल घाटावर न्यायचे होते, बाबा म्हणाले, खोंड कच्चं हाय, न्यायचं न्हाई. अख्ख्या आळीनं ऐकलं. पोलिसांना आणखी काय पाहिजे? दिवस मावळायच्या आत अमृतला गाडीत घातलं.

अमृतची बायको आरती मात्र पहिल्या दिवसापासून दुसरंच नाव घेत होती. सुनीलशेठ. द्राक्षबागायतदार, पांढरी गाडी, गळ्यात सोन्याची साखळी. त्यानं शेजाऱ्याचा बांध कोरून कोरून निम्मं वावर घशात घातलं होतं, आणि जुना बांध कुठून जायचा हे सांगणारा एकच माणूस जिवंत होता, तो म्हणजे भिमाजीबाबा. यात्रेनंतरच्या सोमवारी जुन्नरच्या कोर्टात त्यांची साक्ष होती. यात्रा त्याच्या आधीच्या मंगळवारी होती. बाबा सोमवार बघायला राहिलेच नाहीत.

पण सुनीलशेठला हात कोण लावणार? डॉक्टर म्हणाले, मरण दुपारी दोन ते तीनच्या मधलं. आणि दोन ते तीन सुनीलशेठ घाटावर हजर होता. एक-दोन नाही, शेकड्यानं माणसं तसं सांगत होती. अमृत म्हणत होता की मीही घाटावरच होतो, पण त्याला पाहिलेला एक माणूस सापडेना.

बचावाच्या पहिल्या वकिलानं सुनीलशेठकडं बोट दाखवलं, म्हणून सरकारी वकिलांनी तीन साक्षीदार उभे केले. कुशाबा, माजी पंचायत सदस्य. रामदास, चहाच्या गाडीवाला. आणि तिसरा मी, वजीर. जुन्नरच्या कोर्टात एकतीस वर्षं शिपाई होतो. नाव पुकारणं आणि शपथ देणं हेच माझं काम. हजारो माणसांना मी पिंजऱ्यात चढवलं आणि 'खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं सांगणार नाही' असं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. त्या दिवशी सेशन कोर्टात मी स्वतः चढलो. छाती काढून म्हणालो, "दोन वाजता सुनीलशेठ घाटावर हजर होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मला कुणी पैसे दिले नव्हते. कुणी धमकावलं नव्हतं. मी रात्री शांत झोपलो, आणि तरीही मी जे सांगितलं ते खोटं होतं.

२

दोन महिन्यांनी आरती आमच्या घरी आली. बरोबर तिची नवी वकील हर्षाली. ही मंचरची पोर, जुन्नरला ज्युनियर म्हणून आली तेव्हा फाईल कुठल्या टेबलावर ठेवायची हेसुद्धा मी तिला दाखवलं होतं. आता काळा कोट घालून माझ्याच ओट्यावर मला प्रश्न विचारायला बसली. मला राग आलाच.

"चाचा, एवढंच सांगा, सुनीलशेठ दोन वाजता नेमका कुठं होता?"

"मंडपात. पहिल्या रांगेत. डोक्याला फेटा. लिहून दिलंय सगळं, वाच की."

"वाचलंय." तिनं कागद काढले. "कुशाबा म्हणतात, खाली दोरीपाशी उभा होता, डोक्यावर पांढरी टोपी. रामदास म्हणतो, माझ्या गाडीवर चहा पीत होता, बोडका. तिघांचीही वेळ एकच. सोमाजीच्या बैलांची बारी धावली ती."

"माणूस हिंडतो. खांबाला बांधून ठेवलाय का त्याला?"

"बारी बारा सेकंदांची. तेवढ्यात तीन ठिकाणी?"

जहाँआरानं चहा आणला. माझी बायको कमी बोलते, पण तिनं कप ठेवताना माझ्याकडं असं पाहिलं की मला चहा कडू लागला. मी म्हणालो, गर्दीत जागेचा घोळ होतो, टोपी-फेट्याचा घोळ होतो, म्हणून माणूस नव्हताच असं होत नाही. एकतीस वर्षं साक्षी ऐकल्यात मी. शब्दाला शब्द जुळला तर साक्ष पढवलेली असते, थोडं इकडंतिकडं झालं तर खरी असते. ते मी तिला ठासून सांगितलं.

"बरोबर," हर्षाली म्हणाली. "शब्दाला शब्द जुळला तर पढवलेली. आता ऐका. कुशाबांची जबानी: 'त्या वेळी प्रगतशील बागायतदार, बैलगाडाप्रेमी सुनीलशेठ हे घाटावर आले होते.' कुशाबा त्याला एरवी काय म्हणतात?"

"सुन्या," आरती म्हणाली. "त्यांच्या मांडीवर वाढलाय तो."

"रामदासची: 'प्रगतशील बागायतदार, बैलगाडाप्रेमी सुनीलशेठ यांना मी पाहिले.' चहावाला उधारीच्या गिऱ्हाईकाला असं बोलतो का?"

मला हसू आलं. म्हणालो, बघ, पढवलेत ना दोघांना. मी तुला तेच सांगत होतो.

तिनं तिसरा कागद माझ्यासमोर धरला. खाली माझी सही होती, मी वळणदार करतो ती. वर टाईप केलं होतं: 'दुपारी दोनच्या सुमारास प्रगतशील बागायतदार, बैलगाडाप्रेमी सुनीलशेठ घाटावर हजर होते.'

मला तर कुणीच पढवलं नव्हतं. मग हे शब्द माझ्या तोंडात आले कुठून?

३

कुठून ते मला माहीत होतं, फक्त कबूल करायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली. आपल्याकडं घाटावर असं बोलणारा माणूस एकच असतो, माईकवाला. आम्ही कळंबला सावळेरामच्या घरी गेलो. जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या घाटांवर निवेदन तोच करतो. घरात बोलला तरी आवाज शिवारभर जाईल असा गळा.

"या पावणं, बसा. कुठल्या घाटाची तारीख पायजे?"

हर्षालीनं त्या यात्रेचं नाव घेतलं. सुनीलशेठला दोन वाजता पाहिलं का, असं विचारलं.

"पाहिलं?" सावळेराम म्हणाला. "ताई, मी माईकवर असतो तवा माझी नजर खाली झेंड्यावर. गाडा सुटला कधी, निशाणाला पोचला कधी, सेकंद किती. मधी श्वास घ्यायला सवड मिळाली की चिठ्ठ्या वाचायच्या. ज्यानं ढाल दिली, ज्यानं मंडप दिला, त्याचं नाव घ्यावं लागतं. माणूस आला का न्हाई ते बघत बसलो तर बारी हुकंल."

"म्हणजे न आलेल्या माणसाचंही आगमन होतं?"

"लई वेळा. आमदार मुंबईत असत्यात, त्यांचं आगमन आमी चार येळा करतो. कुणाला राग येत न्हाई."

तो हसत होता, पण मला हसता येईना. कारण हे मला माहीत होतं. पिंपळवंडीपासून आहुप्यापर्यंत घाट बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. माईकवरून नाव आलं की आम्ही मान वळवतो, शंभर फेट्यांतला एक फेटा बघतो, आणि म्हणतो, हां, आले वाटतं. मग तो माणूस आम्ही पाहिलेला असतो. संध्याकाळी खरोखरच भेटला की दुपारचं पाहणं आणखी पक्कं होतं.

"त्या दिवशीच्या चिठ्ठ्या हायेत का?" आरतीनं विचारलं.

होत्या. पुढच्या वर्षी नावात चूक व्हायला नको म्हणून सावळेराम प्रत्येक घाटाच्या चिठ्ठ्या पिशवीत बांधून ठेवतो. दहा मिनिटं उचकाउचक करून त्यानं निळ्या शाईची एक चिठ्ठी काढली. सकाळी नऊला नारळ फुटला तेव्हा सुनीलशेठनं स्वतः हातात दिली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण बाकीच्या चिठ्ठ्या कमिटीकडून आल्या होत्या. हर्षालीनं वाचली आणि माझ्याकडं दिली.

'प्रगतशील बागायतदार, बैलगाडाप्रेमी सुनीलशेठ यांचे घाटावर आगमन झाले आहे. दुपारी दोन ते चार घ्यावे. दर पाच बाऱ्यांनी.'

सकाळी नऊ वाजता ह्या माणसानं आपलं दुपारी दोनचं येणं लिहून ठेवलं होतं.

आरतीनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. रडली नाही. म्हणाली, "आन् माझा नवरा अकरा महिनं आत हाय."

सावळेरामचा चेहरा उतरला होता. त्यानं फोनवर त्या दिवशीचं चित्रण लावलं, कुठल्यातरी पोरांनी इंटरनेटवर टाकलेलं. त्यात फक्त धावपट्टी दिसते, गर्दी नाही. दोन वाजून सात मिनिटांनी सोमाजीचे बैल सुटले, बारा सेकंदांत वर पोचले, आणि लगेच सावळेरामचा आवाज: सुनीलशेठ यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी फेटा बांधण्यासाठी व्यासपीठावर यावं. थोड्या वेळानं पुन्हा, यावं. मग तिसऱ्यांदा, "सुनीलशेठ, कुठं असाल तिथून व्यासपीठावर यावं." पुढं दुसरी बारी सुरू झाली. पोलिसांनीही हे ऐकलं होतं, आणि तो हजर असल्याचा पुरावा म्हणून कागदात लावलं होतं.

मी फोन बाजूला ठेवला. एकतीस वर्षं मी कोर्टाच्या दारात उभा राहून नावं पुकारली. जो हजर असतो तो पहिल्या हाकेला पुढं येतो. तीनदा पुकारून जो येत नाही त्याच्या नावापुढं साहेब 'गैरहजर' लिहितात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि घाटावर तीन हाका ऐकून मी शपथेवर सांगितलं की तो हजर होता.

"फेटा कधी बांधला त्याला?" हर्षालीनं विचारलं.

"पावणेपाचला आला," सावळेराम म्हणाला. "केस ओले व्हते. मी म्हनलं बी, शेठ, आंघोळ करून आला का काय."

४

जुन्नरला घरी आल्यावर हर्षाली ओट्यावर बसली. मी म्हणालो, तू अर्ज कर, मी पुन्हा पिंजऱ्यात येतो. सुनीलशेठला पाहिलं नाही असं सांगतो. झालं?

"नाही झालं," ती म्हणाली. "सुनीलशेठ नव्हता एवढ्यानं अमृत सुटत नाही. चाचा, जे पाहिलं नाही ते सांगून झालं. आता दोन वाजता खरंच काय पाहिलं ते सांगा."

"काय पाहणार? बैल."

"सोमाजीची बारी पाहिली?"

सोमाजीची बारी मी पाहिली नव्हती. बैल बारा सेकंदांत गेले हे मला ठाऊक होतं, पण जाताना दिसले नव्हते. हे मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

"बोला," जहाँआरा दारातून म्हणाली.

मग सांगितलं. मला उन्हानं चक्कर आली होती. मी मंडपात नव्हतोच. खाली बैल जुंपतात तिथं, पाण्याच्या टाकीजवळ मी आडवा पडलो होतो, लेंग्याला माती, टोपी कुठंतरी. घाटावर चाळीस वर्षं येणारा माणूस आणि उन्हानं आडवा. लोक हसतील म्हणून कोर्टात मंडप सांगितला. बैलांना पाणी पाजणाऱ्या एका गड्यानं मला ओढून बाभळीखाली नेलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्याचं तोंड भंडाऱ्यानं असं पिवळं झालं होतं की डोळेच तेवढे दिसत होते. मी शुद्धीवर आलो आणि पहिलं विचारलं, सोमाजीची बारी झाली का. तो म्हणाला, आत्ताच झाली, बारा सेकंद. वर सुनीलशेठचं नाव चालू होतं. तो गडी तीन वाजून गेले तरी माझ्यापाशी बसला, टॉवेलनं वारा घालत. मग मला मंडपात नेऊन बसवलं आणि गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

हर्षाली खाली मान घालून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं माझी सही घेतली, वेळ टाकली. मग पिशवीतून एक जुना कागद काढला.

"ही अमृतची पहिली जबानी. अटकेच्या संध्याकाळची."

मी चष्मा लावला. 'मी टाकीपाशी लोकांच्या बैलांना पाणी पाजत होतो. एका म्हाताऱ्या मुसलमान चाचाला चक्कर आली. त्याला बाभळीखाली नेले. त्याने विचारले, सोमाजीची बारी झाली का. मी सांगितले, आत्ताच झाली, बारा सेकंद. तीन वाजेपर्यंत मी त्याच्याजवळ होतो. चाचाचे नाव माहीत नाही.'

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. अकरा महिने हा कागद फाईलमध्ये होता. ज्या माणसानं मला उन्हातून उचललं त्याच्याविरुद्ध मी शपथेवर उभा राहिलो होतो.

"तुला माहीत होतं," मी हर्षालीला म्हणालो. "काल आलीस तेव्हाच माहीत होतं. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा ऐकलेलंच पाहिलं असतं, चाचा."

मला तिचा राग यायला पाहिजे होता. आला नाही.

५

सेशन कोर्टात सरकारी वकिलांनी मला दोन तास सोलून काढलं.

"तेव्हाही शपथ घेतली होती, आजही घेतली. खोटी कुठली?"

"तेव्हाची."

"म्हणजे तुम्ही न्यायालयात खोटी साक्ष दिलीत?"

"दिली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही, साहेब. माईकवरनं नाव ऐकलं आणि माणूस पाहिला असं धरून चाललो. आणि टाकीपाशी पडलो होतो ते लाजेनं सांगितलं नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, याचे परिणाम काय होतील ते ठाऊक आहे का. मी म्हणालो, एकतीस वर्षं दारात उभा होतो, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल. मग हर्षालीनं सावळेरामला बोलावलं, निळ्या शाईची चिठ्ठी पुढं केली, आणि चित्रणातली दोन वाजून सात मिनिटांची बारी लावली. कुशाबा आणि रामदासनं त्याच आठवड्यात आपली साक्ष परत घेतली. कुशाबा तर पिंजऱ्यात उभा राहून रडला.

चिठ्ठीवरचं अक्षर सुनीलशेठचंच निघालं. दोन ते पावणेपाच कुठं होतास, याला त्यानं पोलिसांपुढं तीन दिवसांत तीन उत्तरं दिली आणि चौथ्या दिवशी कबूल झाला. बाबांना नुसतं समजावायला गेलो होतो, असं म्हणाला. समजावायला जाणारा माणूस सकाळीच आपल्या हजेरीची सोय करून ठेवत नाही, हे जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं आहे. माझ्यावरही खोट्या साक्षीची नोटीस निघाली. ते प्रकरण अजून चालू आहे, आणि नोटीस निघायलाच पाहिजे होती.

अमृत सुटला त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात लांब उभा होतो. पुढं जायचं धाडस होत नव्हतं. तोच आला. तुरुंगात वाळून गेला होता. आरती त्याचा हात सोडत नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. आवाज चढवला नाही.

"चाचा, पहिल्यांदा तुमी पिंजऱ्यात चढला ना, तवाच मी तुमाला वळखलं व्हतं. आरतीला खूण केली, म्हनलं, आता सुटलो, चाचा आला. तुमी सुनीलशेठचं नाव घेतलं तरी मला वाटलं, आता माझं बी सांगतील." त्यानं आरतीकडं पाहिलं. "लई वाट पाह्यली. वकिलाच्या कानात सांगितलं, त्यानं ऐकलं न्हाई. तुमी खाली उतरून निघून गेला. माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई."